शिकवणारीचं शिक्षण : लहान लेकरांच्या शाळेचा इतिहास आणि आपली वस्ती



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळींनी मला सांगितलं की, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा. म्हणून मी आधी आपल्या गावाचा इतिहास चाळायला बसलो. रोहिणखेडचं नाव इतिहासात आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीला, इथं मोठी लढाई झाली आणि तिच्यात जमालखान नावाचा सरदार पडला. त्याच शतकातली मशीद गावात आहे. सरदार सापडले, सुलतान सापडले. आपला महारवाडा मात्र त्या पानांत कुठं दिसला नाही, आणि महारवाड्यातलं शेंबडं लेकरू तर नाहीच नाही. मग मी ठरवलं की ज्याचा इतिहास कुणी लिहीत नाही त्याचाच लिहावा. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना कोण शिकवत आलं, आणि त्या शिकवणारीला कुणी शिकवलं, हा माझा विषय आहे.

हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला ते आधी सांगतो, कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे.

माझी धाकटी मुलगी चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. वस्तीतल्या अंगणवाडीत ती जायची. एक दिवस मी आणि आणखी चारपाच बाप तिथं गेलो. ताईंनी लेकरांसमोर चिंचोके, गोटे आणि बांगड्यांचे तुकडे टाकले होते आणि लेकरं त्यांचे वेगवेगळे ढीग करत होती. आमचं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ताई, हे काय चालवलं तुमी? कॉन्व्हेंटातले पोट्टे ए-बी-सी-डी म्हणतात, शंभरपर्यंत आकडे म्हणतात. आमच्या लेकराईनं काय चिंचोकेच खेळावं?" ताई हळूच बोलल्या, "भाऊ, मले टरेनिंगमधी असंच सांगतलं होतं. पण तुमी म्हणान तसं करतो." दुसऱ्या दिवसापासून पाटी-पेन्सिल आली आणि सगळी लेकरं एका सुरात एक ते शंभर म्हणू लागली. आम्हाला वाटलं, मोर्चा जिंकला.

मुलगी पहिलीत गेली. शंभरपर्यंत आकडे खडाखडा म्हणायची. एकदा घरी पाहुणे आले, तर मी तिला म्हटलं, चुलीजवळून सात चमचे आण. तिनं मूठभर आणले. मोजून आण म्हटलं तर माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. तिला सात म्हणता येत होतं, पण सात म्हणजे किती ते तिला कुणी हातात दिलं नव्हतं. जी बाई ते देत होती तिचा हात मीच थांबवला होता. त्या दिवसापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचत आलो. मी शाळेत फार शिकलेलो नाही. सूतगिरणीतल्या पाळ्या सांभाळून वाचलं, म्हणून कुठं कमीजास्त झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

पहिली गोष्ट मला विहारातच सापडली. मज्झिम निकायात राहुलाला केलेला एक उपदेश आहे, अंबलट्ठिकेचा. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता असं अट्ठकथा सांगते. तथागत त्याला खोटं बोलू नये हे शिकवायला गेले. त्यांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडं पाणी उरवलं. राहुलाला विचारलं, हे उरलेलं पाणी दिसतं का? मग ते फेकून दिलं आणि विचारलं, फेकलेलं पाहिलंस का? मग भांडं पालथं घातलं, मग पुन्हा सरळ करून रिकामं दाखवलं. प्रत्येक वेळी आधी वस्तू, मग प्रश्न, आणि शेवटी अर्थ. पुढं त्यांनी विचारलं की आरसा कशासाठी असतो. लेकरानं उत्तर दिलं आणि त्या उत्तरावरच पुढचा उपदेश उभा केला. दुसरी गोष्ट चूळपंथकाची. त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या थोरल्या भावानंच त्याला ढ ठरवून निघून जायला सांगितलं. तथागतांनी त्याला एक पांढरं फडकं दिलं आणि हातानं चोळत राहा म्हटलं. फडकं मळत गेलं आणि त्याला अनित्यता कळली. आपण या गोष्टी वर्षावासात ऐकतो आणि चमत्कारासारख्या ऐकून सोडून देतो. मला तर त्यात एक शिक्षक दिसतो, जो एकाही शिकणाऱ्याला ढ म्हणून सोडत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडं येऊ. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्या घरातल्या लेकरालाही माहीत आहे. पण सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहण्याआधी शिकवायचं कसं हे शिकल्या होत्या, ही गोष्ट आपल्या भाषणांत येत नाही. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवलं. शिवाय तेव्हाच्या अहमदनगरला मिस फरार यांच्याकडं आणि पुण्याला मिचेल बाईंच्या शाळेत त्यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, असं अभ्यासक सांगतात. शेणाचे गोळे आपण लक्षात ठेवले, ते ठेवलेच पाहिजेत, पण ते शिक्षण आपण विसरलो. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी जे निवेदन दिलं त्यात तर शिक्षकाबद्दल स्पष्ट मागणी आहे. प्राथमिक शाळेचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, होता होईल तो शेतकरी वर्गातून घ्यावेत, नांगराची मूठ धरायला ज्याला लाज वाटत नाही असा माणूस असावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल. आणि त्याचा पगार १२ रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावात १५ ते २० असावा. बघा, किती बारीक विचार आहे. शिक्षक कोण, त्याला काय येतं आणि त्याच्या पोटाला काय मिळतं, या तीन गोष्टी जोतीरावांनी एका दावणीला बांधल्या. आजही सरकार यातली एक सोडतं आणि दुसरी ओढतं, म्हणून गाडं चालत नाही.

आपल्या विदर्भातल्या जाईबाई चौधरींचं नाव इथं घेतलंच पाहिजे. त्यांचा जन्म उमरेडचा. नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहून त्या पोट भरायच्या. एका मिशनरी बाईंनी त्यांना थोडं शिकलेलं पाहून शिक्षिकेचं काम दिलं. अस्पृश्याची बाई शिकवते म्हणून लोक खवळले आणि ते काम गेलं. मग जाईबाईंनी नागपूरच्या वस्तीत स्वतः चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली आणि आयुष्यभर चालवली. ही १९२० नंतरच्या दशकातली गोष्ट. आपल्या समाजातली बाई आपल्या वस्तीत शिकवायला उभी राहते, त्याला तेव्हापासूनची वाट आहे.

आणि त्याच्या उलट चित्र बाबासाहेबांच्या बालपणात आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळं बसावं लागे, बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. त्या गोणपाटाला शाळेचा झाडूवाला सुद्धा शिवायचा नाही, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आज तसं गोणपाट कुणी टाकत नाही. पण "या वस्तीच्या लेकरांना खिचडी मिळाली, वजन झालं, बस झालं, हे कुठं शिकणार आहेत" असं जेव्हा कुणी मनात धरतं, तेव्हा मला ते गोणपाटच दिसतं. आणि हे फक्त बाहेरचेच म्हणतात असं नाही, आपल्यातले सुशिक्षितही म्हणतात.

आता थोडं लांब जाऊ, कारण लहान लेकरांच्या शाळेचा इतिहास एका कापड गिरणीत आहे. मी गिरणीतला माणूस, मला हे वाचून फार बरं वाटलं. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क नावाच्या गावी रॉबर्ट ओवेन या गिरणीवाल्यानं १ जानेवारी १८१६ रोजी कामगारांच्या लेकरांसाठी शाळा उघडली. त्या काळी सहा-सात वर्षांची पोरं गिरणीत राबायची. ओवेननं दहा वर्षांच्या आतलं पोर कामावर घेणं बंद केलं आणि चालता येऊ लागलेल्या लेकरापासून सगळ्यांना शाळेत आणलं. शिक्षक कोण नेमले? जेम्स बुकॅनन नावाचा एक विणकर, ज्याला स्वतःलाच लिहिता-वाचता जेमतेम येत होतं, आणि गावातली सतरा वर्षांची मॉली यंग नावाची पोरगी. ओवेननं जुन्या मास्तरांना टाळलं, कारण त्यांना छडी आणि घोकंपट्टीची सवय होती. या दोघांना लेकरांबद्दल माया होती. पण मायेवर भागेल असं त्यानं मानलं नाही. त्यानं त्यांना सांगितलं की कोणत्याही लेकराला मारायचं नाही, रागानं बोलायचं नाही, इतक्या लहान वयात पुस्तकाचा त्रास द्यायचा नाही. आजूबाजूच्या वस्तू, झाडं, प्राण्यांची चित्रं, नकाशे समोर ठेवायचे आणि लेकरानं विचारलं की सांगायचं. तो बुकॅनन इतका तयार झाला की पुढं लंडनच्या लोकांनी त्याला आपल्याकडं नेलं. विणकराचा मास्तर झाला आणि मास्तरांचा मास्तर झाला.

दुसरी गोष्ट रोमची. सान लोरेन्झो ही कामगारांची गरीब वस्ती. आईबाप कामावर गेले की चाळीतली लेकरं जिन्यात हुंदडायची आणि भिंती खराब करायची. म्हणून घरमालकांनी एक खोली दिली आणि ६ जानेवारी १९०७ ला डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी तिथं बालगृह सुरू केलं. शिकवायला साधी कामकरी बाई होती. लेकरांना हातात धरायच्या वस्तू दिल्या, ठोकळे, चकत्या, खरखरीत कागदाची अक्षरं, आणि जवळ बसून पाहिलं की लेकरू काय करतं. जे जगाला वाटत होतं की गरिबाच्या पोराला जमणार नाही, ते त्या पोरांनी करून दाखवलं. १९३९ ला त्या भारतात आल्या आणि युद्धाच्या काळात इथंच राहून त्यांनी शेकडो शिक्षकांना शिकवलं. पुढं काय झालं ते आपल्या डोळ्यासमोर आहे. आज शहरात "मॉन्टेसरी" अशी पाटी दिसली की आत फीचा आकडा ऐकून आपण परत फिरतो. कामगाराच्या चाळीत जन्मलेली विद्या बंगल्यात राहायला गेली. ही चोरी कुणी एका माणसानं केलेली नाही. ज्याच्याजवळ पैसा, त्याच्याजवळ चांगली शिकवणारी, इतकं साधं ते आहे.

ही विद्या परत गरिबाच्या दारात आणायचं काम महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी केलं. त्यांचा जन्म १८९२ चा. लग्नानंतर काही वर्षं त्या आपल्या अमरावतीला राहिलेल्या. नंतर भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि दादरला शिशुविहार झालं. तिथं सगळी पांढरपेशांची लेकरं यायची. ताराबाईंच्या मनाला ते खटकलं. १९४५ ला त्या बोर्डीला गेल्या, आताच्या पालघर जिल्ह्यात, आणि गावात बालवाडी काढली. त्यांना जोडीला अनुताई वाघ मिळाल्या. या अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या, नोकरी करून शिकलेल्या. बालवाडी उघडली तर अस्पृश्य वस्तीतली लेकरं येईनात. कशी येणार? लहान भावंड कडेवर, अंगावर धड कपडा नाही, आणि गावातल्या लेकरांच्या शेजारी बसायची भीती पिढ्यांची. तेव्हा या बायकांनी लेकरांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. लेकरांना आधी अंघोळ, मग गाणं, मग खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर जो शब्द चालतो तो अशा एका वस्तीच्या अंगणात रुजला, हे आपल्या लेकरांना सांगायला पाहिजे.

आणि इथं खरी अक्कल पाहा. मॉन्टेसरीची साधनं महाग, लाकडी, ती कुठून आणायची? ताराबाई आणि अनुताईंनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती, काड्या घेतल्या. ठोकळ्यानं जे शिकवायचं ते बीनं शिकवलं. पण हे करायला शिकवणारीला दोन्ही गोष्टी माहीत पाहिजेत, ठोकळा कशासाठी होता आणि बी कशी वापरायची. नुसत्या बिया लेकरापुढं टाकल्या तर तो पोरखेळ. पुढं कोसबादच्या टेकडीवर वारल्यांच्या लेकरांसाठी त्यांनी विकासवाडी उभी केली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. आणि सोबतच बालसेविकांना शिकवण्याचं काम चालू ठेवलं. 'शिक्षणपत्रिका' नावाचं मासिक चाललं, त्यातून आईबापांना आणि शिक्षिकांना नवी माहिती मिळायची. १९७३ ला ताराबाई गेल्या, १९९२ ला अनुताई गेल्या. या बाया गांधीवादी वळणाच्या होत्या आणि ते आपल्या लोकांना "हरिजन" म्हणायचे, ते आपल्याला मान्य नाही. पण चांगलं कोणाच्या हातचं आहे हे पाहून नाकारणं ही बाबासाहेबांची शिकवण नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. देशात ३३ ठिकाणी सुरुवात झाली. महाराष्ट्रात मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी ही पहिली ठिकाणं, म्हणजे एक आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं. नाव ठेवलं अंगणवाडी. पण बोर्डीच्या अंगणातलं नाव घेतलं आणि तिथली शिकवणारी घेतली नाही. एका बाईवर सहा कामं दिली. पूरक आहार, लसीकरण, तपासणी, आजारी लेकराला दवाखान्यात पाठवणं, आयांना आरोग्याचं सांगणं, आणि शेवटी शाळापूर्व शिक्षण. तिला नोकर म्हटलं नाही, मानसेवी म्हटलं. सुरुवातीचं मानधन महिन्याला १५० रुपयांच्या पुढं नव्हतं. कामाचं प्रशिक्षण सुरुवातीला काही महिन्यांचं होतं, ते पुढं २६ दिवसांवर आलं. त्या २६ दिवसांत वजनकाटा, लसी, रजिस्टरं, खिचडीचा हिशोब, सगळं बसवायचं. लेकराचं मन कसं वाढतं याला किती वेळ मिळत असेल ते वाचकांनीच ठरवावं. गिरणीत नव्या पोराला साच्यावर उभं करताना आम्ही त्याला जुन्या कामगाराजवळ महिनोन् महिने ठेवायचो. सूत तुटलं तर गाठ मारता येते, तरी एवढी काळजी.

तरी आपल्या वस्तीत अंगणवाडी आली तीही फुकट आली नाही. गावोगावी अंगणवाडी पाटलाच्या वाड्याजवळ आणि आपली वस्ती लांब, असंच होतं. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००१ पासून आदेश काढले. २००४ ला अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत अंगणवाड्या आधी काढा असं सांगितलं. १३ डिसेंबर २००६ ला असंही सांगितलं की जिथं सहा वर्षांखालची ४० लेकरं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की तीन महिन्यांत द्यावी लागेल. हा आदेश किती वस्त्यांना माहीत आहे?

संविधानाचंही इथं बोललं पाहिजे. २३ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत फुकट शिक्षणाची वयोमर्यादा चौदावरून अकरावर आणा अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालच्या पोराला कामावर ठेवायचं नाही असं आपण म्हणतो, तर ते पोर तोपर्यंत कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेत असलं पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतचं प्रत्येक लेकरू आलं, खालची हद्द घातली नव्हती. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वर्षांच्या शिक्षणाला मूलभूत हक्क केलं, फार चांगलं झालं. पण सहाच्या आतलं लेकरू मार्गदर्शक तत्त्वातच राहिलं. हक्क नाही म्हटल्यावर शिकवणारीचा दर्जाही कुणी विचारत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढ्या लहान वयात चांगलं शिकवलं तर असा काय फरक पडतो? त्याला उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लेकरांनी दिलंय. बाबासाहेबांनी १९४६ ला डू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं, दलित पँथरनं १९७२ ला ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, तेव्हा ही माणसं आपल्याला परकी नाहीत. मिशिगन राज्यात यप्सिलांती गावात १९६२ पासून गरीब काळ्या घरातली १२३ लेकरं निवडली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. ५८ लेकरांना पेरी नावाच्या शाळेत चांगली बालवाडी दिली, ६५ जणांना नाही. मग त्या सगळ्यांचा माग चाळीस वर्षांच्या वयापर्यंत ठेवला. बालवाडीतली जास्त जण शाळा पूर्ण करून गेली, जास्त जणांना काम लागलं, पोलिसांच्या तावडीत कमी सापडली. त्या शाळेत होतं तरी काय? शिकवणाऱ्या पूर्ण शिक्षण घेतलेल्या होत्या. एकीमागं पाच-सहाच लेकरं. लेकरू सकाळी आलं की आज काय करणार ते स्वतः ठरवायचं, करायचं, आणि मग काय केलं ते सांगायचं. आणि शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलायची. आपल्याकडं एका ताईमागं तीस-चाळीस लेकरं, तेव्हा जसंच्या तसं होणार नाही हे मला कळतं. पण "ठरव, कर, सांग" याला पैसा लागत नाही, ताईला ते माहीत असावं लागतं.

आणि माहिती जुनी होते, हेही समजून घ्या. पूर्वी समजूत होती की लेकराचं डोकं रिकामं मडकं, त्यात भरायचं. आता कळलंय की सहा वर्षांच्या आत मेंदूची बहुतेक वाढ होऊन जाते, आणि लेकरू स्वतः विचार करतं, अंदाज बांधतं, चूक दुरुस्त करतं. म्हणून चिंचोक्यांचे ढीग करणाऱ्या लेकराला जाणती ताई विचारते, "कोणत्या ढिगात जास्त? काहून जास्त?" दोन ढीग सारखे करायला सांगते. मोठे चार आणि लहान सहा ठेवून फसवून पाहते. हे गणित आहे, आणि ते कॉन्व्हेंटातल्या शंभर आकड्यांच्या पुढचं आहे. तीच गोष्ट भाषेची. लेकरू म्हणतं, "मले भूक लागली." आधी ताईनं टोकायचं, मले नाही, मला म्हण. लेकरू लाजून गप्प बसतं आणि मग वर्षभर बोलत नाही. घरची बोली ही लेकराची पहिली पाटी आहे, तिच्यावरच प्रमाण भाषा लिहायची, हे आता सगळे जाणकार सांगतात. वऱ्हाडी बोलणाऱ्या ताईनं हे ऐकलं की तिचाही जीव भांड्यात पडतो, कारण तिलाही कुणीतरी असंच टोकलेलं असतं.

सरकारी कागदावर ही नवी माहिती आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला. त्यात असंही म्हटलंय की बारावी झालेल्या अंगणवाडी ताईंना सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम द्यावा, तोही घरच्या घरी, फोनवर आणि टीव्हीवर, म्हणजे काम न सोडता करता येईल. आपल्या राज्यात अंगणवाडीसाठी 'आकार' नावाचा अभ्यासक्रम आला. मे २०२३ मध्ये केंद्रानं 'पोषण भी पढाई भी' काढलं, आणि २०२४ मध्ये 'आधारशिला' आली, तिच्यात आठवड्यागणिक खेळ आणि गोष्टी दिल्यात. कागद चांगला आहे, मी वाचला. पण त्याच बाईच्या हातात २०२१ पासून पोषण ट्रॅकरचा फोनही आहे, त्यात रोज माहिती भरायची. रेंज नसली की ती घराच्या धाब्यावर चढते. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २५ एप्रिल २०२२ ला सांगावं लागलं. डिसेंबर २०२३ ला राज्यातल्या ताया संपावर गेल्या आणि पन्नासच्या वर दिवस बसल्या. तेव्हा वस्तीत काहीजण म्हणाले की लेकरांचे हाल करतात. जोतीरावांचे १२ रुपये आठवा, मग बोला.

मागच्या पावसाळ्यात वर्षावासाच्या एका रविवारी आम्ही वस्तीच्या ताईंना विहारात बोलावलं. भाषणाला नाही, दाखवायला. त्यांनी सतरंजीवर आयांना आणि बापांना बसवलं, पुढं चिंचोके टाकले आणि लेकरांना करतात तेच प्रश्न मोठ्यांना केले. दोन म्हातारे हुज्जत घालायला लागले की कोणता ढीग जास्त. बायका हसून हसून बेजार. मी सगळ्यांसमोर उठून माझी जुनी चूक सांगितली. ताई म्हणाल्या, "भाऊ, तवा मी पण नवीनच होतो. मले काहून ते सांगता नाही आलं." आता येतं. दोन-तीन प्रशिक्षणं झाल्यावर त्यांना कारण सांगता येतं, आणि कारण सांगता आलं की बापाच्या आरडाओरडीला ती बाई घाबरत नाही.

माझी मुलगी पुढं शिकली, पण गणिताला ती शेवटपर्यंत दबकून राहिली. आता तिचा मुलगा तीन वर्षांचा आहे आणि त्याच अंगणवाडीत जातो. तिनं मला बजावून ठेवलंय की तिथं तोंड घालायचं नाही.

पुढच्या महिन्यात ताईंना तालुक्याला पुन्हा प्रशिक्षणाला जायचं आहे. तेवढे दिवस मदतनीस बाई एकटी पडणार, आणि मग प्रशिक्षणाला दांडी मारायची पाळी ताईंवर येते, असं मागं झालेलं आहे. म्हणून महिला मंडळातल्या दोघी-दोघींनी रोज सकाळी दहा ते एक अंगणवाडीत बसायचं, आणि ताई परत आल्या की पहिल्या रविवारी त्यांनी काय शिकलं ते विहारात सांगायचं, असं ठरवतो आहोत. बुधवार आणि शुक्रवारची नावं अजून आलेली नाहीत. वंदनेनंतर मंडळाच्या वहीत लिहून द्यावीत.